भाड्याच्या चार जागा: एलएलपी करावी, कंपनी, की हिंदू अविभक्त कुटुंब?

वेताळटेकडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या वर्षी गेले. मृत्युपत्र नव्हतं. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट आईच्या एकटीच्या नावे आहे, भाडं ३० हजार. वाकडला एकाच सोसायटीत दोन वन बीएचके, ते बाबांच्या नावे, प्रत्येकी २२ हजार. आणि सांगलीला बाजारपेठेत एक गाळा, १८ हजार, तिथे औषधाचं दुकान आहे. गाळा बाबांचाच, घरपट्टी त्यांच्याच नावे येते. कुठेही कर्ज नाही. आम्ही राहतो तो फ्लॅट माझा, तो यात धरू नका.

आई ७१ वर्षांची. बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे तिला महिना २५ हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मी आयटीत, ३० टक्क्यांच्या पट्टीत. धाकटा भाऊ ऑस्टिनला, ग्रीन कार्ड झालंय. बहीण नाशिकला दिलीय, तिचं सगळं छान चाललंय, त्यामुळे तिचा प्रश्न नाही.

भाऊ म्हणतो, अमेरिकेत कुणी शहाणा माणूस भाड्याची जागा स्वतःच्या नावे ठेवत नाही, एलएलसी करतात. आपण एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) करून चारही जागा तिच्यात टाकू. ऑफिसातला मित्र म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड कर, २२ टक्केच कर. काका म्हणतात वडिलोपार्जित आहे, हिंदू अविभक्त कुटुंब कर, वेगळं पॅन मिळतं. तिघांपैकी कुणीही स्वतः यातलं काही केलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी केलंय का?

तिरकस

"तिचा प्रश्न नाही" हे वाक्य वाचून पॉपकॉर्न टाकले मायक्रोवेव्हमध्ये.

झुणका

+१. दोन वाट्या.

ठाणे_पश्चिम

मी केलंय. करू नका.

२०१३ साली मेव्हण्याबरोबर एलएलपी काढली. एक चार्टर्ड अकाउंटंट तेव्हा सगळ्यांना तेच सांगत होता. २०१४ मध्ये डोंबिवलीला ३२ लाखांचा फ्लॅट घेतला एलएलपीच्या नावे. पहिला धक्का सोसायटीत. भागप्रमाणपत्रावर एलएलपीचं नाव, आणि प्रत्येक सर्वसाधारण सभेला सचिव विचारणार, "तुमच्या त्या संस्थेतर्फे कोण आलंय?" दरवर्षी अधिकारपत्र द्यायचं. शेजारचे मला 'संस्थावाले' म्हणायचे.

दुसरा धक्का विवरणपत्रांचा. एलएलपीला भाडं येवो न येवो, फॉर्म ११ मे महिन्याअखेर आणि फॉर्म ८ ऑक्टोबरअखेर भरावाच लागतो. आमचा अकाउंटंट बदलला त्या वर्षी दोन्ही राहून गेले. त्या काळी उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. चारशे दिवस झाले होते. करा गुणाकार. ८० हजार गेले, आणि फ्लॅटचं भाडं होतं महिना ११ हजार.

तिसरा धक्का विकताना. डिसेंबर २०२४ मध्ये ५८ लाखांना विकला. नफा २६ लाख, कर साडेबारा टक्क्यांनी ३ लाख २५ हजार, वर उपकर. तोच फ्लॅट माझ्या स्वतःच्या नावे असता तर जुन्या जागेला महागाई निर्देशांकाचा पर्याय मिळाला असता. २०१४-१५चा निर्देशांक २४०, २०२४-२५चा ३६३. म्हणजे ३२ लाखांचे झाले ४८ लाख ४० हजार, नफा उरला ९ लाख ६० हजार, त्यावर २० टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार. हा पर्याय फक्त निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. एलएलपीला नाही, कंपनीलाही नाही. दुसरं घर घेऊन कर वाचवायचं कलम ५४सुद्धा तसंच.

मेव्हण्याशी अजून बोलणं आहे, एवढीच जमेची बाजू.

झुणका

संस्थावाले :D

जमाखर्च

ठाणे_पश्चिम यांनी निम्मं काम केलंय. मी याच व्यवसायात आहे, नाशिकला. कलमांचे आकडे जुन्या आयकर कायद्यातले देतोय, कारण सगळ्यांच्या जिभेवर तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू, तिथे क्रमांक वेगळे आहेत.

धागाकर्ते, आधी तुमचाच हिशोब. चार जागांचं भाडं महिना ९२ हजार, वर्षाचं ११ लाख ४ हजार. घरपट्टी बाजूला ठेवू. ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की उरतात ७ लाख ७२ हजार ८००.

एलएलपीत घातलंत तर पहिल्या रुपयापासून ३० टक्के, अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. वर्षाला सुमारे २ लाख ४१ हजार. एलएलपीला ना करमुक्त मर्यादा, ना पट्ट्या.

आता हेच सगळं भाडं आईचं आहे असं घटकाभर समजा. निवृत्तिवेतन ३ लाख, त्यातून कुटुंब निवृत्तिवेतनाची २५ हजारांची वजावट. एकूण साडेदहा लाखांच्या आत. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत आहे, म्हणजे कर शून्य.

शून्य आणि २ लाख ४१ हजार. भावाला ही ओळ पाठवा.

आणि हे तर फक्त दरवर्षीचं झालं. जागा एलएलपीत घालायची म्हणजे ती भांडवल म्हणून आणायची. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात भागीदारीत स्थावर मालमत्ता आणली की खरेदीखतासारखंच शुल्क, बाजारमूल्यावर. पुण्यात ७ टक्के. वाकडचे दोन ६०-६० लाखांचे आणि कोथरूडचा १ कोटी १० लाखांचा धरला तर २ कोटी ३० लाख, त्याचे १६ लाख १० हजार. दीड वर्षाचं भाडं स्वतःच्याच जागा स्वतःच्याच दुसऱ्या नावावर करायला द्यायचं. वर कलम ४५(३)खाली भांडवली नफा वेगळा.

कंपनीचे २२ टक्के अधिभार आणि उपकरासह २५.१६८ होतात. मग ते पैसे घरी आणायला लाभांश काढायचा, त्यावर तुम्हाला पुन्हा ३० टक्के. कर्जाऊ उचललेत तर तो मानीव लाभांश, म्हणजे लाभांशच समजून कर. मित्राला विचारा, पैसे कंपनीतच ठेवून त्यांची आरती करायची आहे का?

पूर्वी एक पळवाट होती. राहत्या जागेचं भाडं धंद्याचं उत्पन्न दाखवून दुरुस्ती, घसारा, ड्रायव्हरचा पगार सगळं वजा करायचे. २०२४च्या वित्त कायद्याने ती बुजवली. राहत्या घराचं भाडं आता घरभाड्याच्या शीर्षाखालीच.

कृष्णाकाठ

जमाखर्च, हिंदू अविभक्त कुटुंबाचं राहिलं. आमच्याकडे आहे, आजोबांपासून. चांगलं चाललंय.

जमाखर्च

तुमच्याकडे आजोबांपासून आहे म्हणूनच चांगलं चाललंय.

बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट मुलाकडे आला म्हणजे वडिलोपार्जित होत नाही. मराठी घरांत हा गैरसमज बापापासून लेकाकडे जातो, तोच काय तो वडिलोपार्जित. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ने आलेली मालमत्ता प्रत्येक वारसाची वैयक्तिक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे सांगून टाकलंय. आता स्वतःची जागा कुटुंबाच्या पोटात ढकललीत तर कलम ६४(२)ने उत्पन्न परत तुमच्याच डोक्यावर. १२ लाखांची सवलतही फक्त व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. आणि एकदा केलं की अर्धवट वाटणी आयकर खातं मानत नाही, मोडायचं तर पूर्ण मोडायचं.

गोदाकाठ

सगळे हिशोब वाचले. आता मी मघापासून दाबून ठेवलेलं बोलते.

"बहीण नाशिकला दिलीय, तिचा प्रश्न नाही." दिलीय म्हणजे काय हो? कुरियरने?

बाबा मृत्युपत्राविना गेले. वाकडच्या दोन्ही फ्लॅटमध्ये आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण यांचा सारखा चौथा हिस्सा आहे. आजच आहे. तुम्ही एलएलपी करा, कंपनी करा, नाहीतर सर्कस काढा, तिच्या सहीशिवाय एक वीटसुद्धा हलत नाही. माझ्या भावानेही असंच गृहीत धरलं होतं. राखी पौर्णिमेला जेवायला बोलावलं आणि आमरस वाढून झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे केलं, पेनाचं टोपण काढून. मी सही केली. पेन चांगलं होतं, अजून माझ्याकडे आहे.

तिरकस

राखी पौर्णिमेला आमरस?

गोदाकाठ

डब्यातला. त्यावरूनच ओळखायला हवं होतं मी.

मावळतीकर

गोदाकाठ, सगळेच भाऊ तसे नसतात. आमच्या बहिणींनी आपण होऊन सोडलं, आम्हीही माहेरपण कधी कमी पडू दिलं नाही. प्रत्येक गोष्ट कायद्याच्या चष्म्यातून का बघायची?

गोदाकाठ

कारण धागा कायद्याचा आहे. माहेरपणाचा वेगळा काढा, तिथे लाडू घेऊन येते.

कृष्णाकाठ

महाराष्ट्राने तर मुलींना १९९४ सालीच सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटेकरी) केलंय, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. आपल्याकडे कायदा पुढे आणि पंगत मागे.

वेताळटेकडी

गोदाकाठ, शब्द चुकला, मान्य. लिहिताना खरंच तसं मनात नव्हतं. (की होतं? माहीत नाही.) तिच्याशी या विषयावर बोललो नाहीये हे मात्र खरं.

जमाखर्च, आकडे डोळे उघडणारे आहेत. भावाला पाठवले. त्याचं उत्तर: "कर जाऊ दे, लायबिलिटीचं काय? उद्या भाडेकरू पडला, झडला, कोर्टात गेला तर?"

ऑस्टिनकर

तुमच्या भावाच्याच गावचा. ओळखत असेन तर सांगू नका.

इथे त्याचं म्हणणं बरोबर आहे. राउंड रॉकला आमचं डुप्लेक्स आहे, ते एलएलसीत आहे. पायरीवरच्या बर्फावरून भाडेकरूचा पाहुणा घसरला तर वकील पहिला प्रश्न विचारतो, मालकाकडे आहे काय काय? एलएलसी असली की दावा त्या एका जागेपाशी थांबतो. टेक्सासात तर एकाच एलएलसीत कप्पे पाडता येतात, एका कप्प्यातली घरं दुसऱ्याच्या दाव्यात जात नाहीत. आणि एक मालक असला तर करासाठी एलएलसी जणू नसतेच, भाडं सरळ माझ्या विवरणपत्रात. म्हणून ती इथे फुकटात पडते. (कॅलिफोर्नियात नाही. तिथे नुसतं जिवंत राहायचे वर्षाला ८०० डॉलर.) एवढं करूनही आम्ही दहा लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी (नेहमीच्या विम्यावरचा जादा दायित्व विमा) घेतलीय, आणि खरं सांगायचं तर झोप तिच्यामुळे लागते.

पण भारतातली एलएलपी आणि इथली एलएलसी यांच्यात नावातली दोन अक्षरं सारखी, बाकी काही नाही. उलट भावालाच यात सगळ्यात मोठा खड्डा आहे. ग्रीन कार्डवाला अमेरिकेचा करदाता. भारतीय एलएलपीत सगळ्यांचीच जबाबदारी मर्यादित, त्यामुळे आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, तिला आपसूक परदेशी कंपनी धरतं. मग परदेशी कंपनीची माहिती द्यायचा फॉर्म ५४७१ मागे लागतो, आणि राहून गेला तर दंड १० हजार डॉलरपासून पुढे. फ्लॅट थेट स्वतःच्या नावे असेल तर यातलं काही नाही. भाडं दाखवायचं, घसारा घ्यायचा, भारतात भरलेल्या कराची वजावट मागायची, आणि बँक खात्यात १० हजार डॉलरच्या वर गेलं तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा.

त्याला म्हणावं, मित्रा, आधी आपल्या इथल्या करसल्लागाराला फोन कर.

बर्मिंगहॅमकर

आमच्याकडे अजून तिसरंच. इथे २०१७ पासून टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट बंद केली, २०२० पासून फक्त २० टक्क्यांची सूट. कंपनीला मात्र पूर्ण व्याज वजा मिळतं. म्हणून इथे जो तो एकेका घरासाठी कंपनी काढतोय. माझ्या ओळखीच्या एका मराठी डॉक्टरांच्या तीन कंपन्या आहेत, नावं तिन्ही गणपतींची. म्हणजे साहेबाच्या देशात कंपनी का, तर व्याजासाठी. तुमच्या जागांवर कर्जच नाही, तर हे औषध कोणत्या आजारावर?

अण्णा_मिरजकर

सर्व तरुण मंडळींना नमस्कार. माझे मिरज-सांगलीत पाच गाळे आहेत, चाळीस वर्षे भाड्याने देतो आहे. एकदाही भाडेकरूने मला घसरून पडलो म्हणून कोर्टात खेचलेले नाही. मीच दोघांना खेचले आहे. एक केस अकरा वर्षे चालली. तेव्हा लायबिलिटी कोणाची, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे मालकाला खरा धोका भाडेकरू न निघण्याचा. त्यावर औषध एकच, लिव्ह अँड लायसन्स नोंदवायचे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, न नोंदवल्यास तुरुंगाचीही तरतूद आहे. आणि राहत्या जागेचा नोंदलेला करार संपला की कलम २४ने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, दिवाणी कोर्टाची वारी टळते. हे एलएलपी केल्याने जास्त मिळत नाही, न केल्याने कमी होत नाही.

आता मुद्द्याचे. धागाकर्ते, आपण लिहिले आहे गाळा बाबांचा, घरपट्टी त्यांच्या नावे येते. घरपट्टी नावावर असणे म्हणजे मालकी नव्हे. महापालिका ज्याच्याकडून पैसे मिळतील त्याचे नाव लावते. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि तिच्यावर कोण आहे ते पाहा. बाकी सर्व नंतर.

झुणका

अण्णा, अकरा वर्षांच्या केसवर वेगळा धागा हवा.

अण्णा_मिरजकर

वकील हयात नाहीत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बघतो.

स्वराली_डी

सगळे एलएलपीवर इतके तुटून पडलेत की बाजू घ्यावीच लागेल.

आम्ही चार मैत्रिणींनी बाणेरला १ कोटी ६० लाखांचं ऑफिस घेतलं, एलएलपीच्या नावे. चौघी इंजिनिअरिंगच्या. चौघीही ३० टक्क्यांच्या पट्टीत, त्यामुळे कर एलएलपीत भरा नाहीतर घरी, फरक नाही. वाट्याला आलेला नफा हातात करमुक्त. जागा नवीनच घ्यायची होती, मुद्रांक शुल्क एकदा जाणारच होतं. भाडेकरू कंपनी एकाच पॅनवर कर कापते, एकच बिल, एकच जीएसटी क्रमांक. चौघींच्या नावे असतं तर प्रत्येक करारावर चार सह्या आणि चौघींपैकी एक कायम दौऱ्यावर.

पण खरी गोष्ट कराची नाहीच. आम्ही करारनाम्यावर तीन महिने भांडलो. पाच वर्षं कुणी बाहेर पडायचं नाही. पडायचं तर आधी उरलेल्या तिघींना विचारायचं. किंमत कोण ठरवणार. एक गेली तर तिच्या मुलाला हिस्सा मिळेल, मत नाही. "मी मेले तर" या वाक्याने आमच्या चार मीटिंगा सुरू झाल्या, दोन कॅफेंमध्ये वेटर दूर उभा राहायला लागला. हे सगळं लिहून ठेवायला एलएलपी झकास आहे.

भावंडांना हे लागत नाही असं कुणाला वाटत असेल तर गोदाकाठ यांचा प्रतिसाद परत वाचा.

ठाणे_पश्चिम

स्वराली, नवीन जागा, परके भागीदार, व्यापारी वापर, सगळे वरच्या पट्टीत. तुमच्याकडे चारही आहे. माझ्याकडे एक होतं, मेव्हणा.

आणि महिलांच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट असते, तीही एलएलपी केली की गेली.

स्वराली_डी

ऑफिसला तशीही नसते. पण मेव्हण्याबद्दल सहानुभूती.

मावळतीकर

अवांतर: आमची सोसायटी फ्लॅट भाड्याने दिला म्हणून महिना ३ हजार बिनभोगवटा शुल्क लावते. एलएलपी असो नसो. काय करावं?

जमाखर्च

सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश आहे. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेन्टेनन्स नव्हे, महापालिकेचे कर वगैरे त्यात धरत नाहीत. पत्र द्या, नाही ऐकलं तर उपनिबंधक.

मावळतीकर

अध्यक्ष माझे व्याही आहेत.

तिरकस

मग भरा.

कृष्णाकाठ

मूळ प्रश्नाकडे. जमाखर्च, मग त्यांनी करावं काय? 'काहीच करू नका' हे उत्तर लोकांना फुकटचं वाटतं.

जमाखर्च

काहीच करू नका असं नाही. कायद्याने रचना आधीच करून दिलीय. चार सहमालक, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. कलम २६प्रमाणे ज्याचा हिस्सा ठरलेला आहे त्याच्या हिश्शाचं भाडं त्याच्याच विवरणपत्रात, प्रत्येकाला स्वतंत्र ३० टक्के वजावट. बहीण खालच्या पट्टीत असेल तर तिचा कर किरकोळ. याला ना नोंदणी, ना फॉर्म ८, ना लेखापरीक्षण.

अडचण एकच आहे, भाऊ. मालक अनिवासी असला की त्याच्या हिश्शाच्या भाड्यावर भाडेकरूने कलम १९५ने कर कापायचा, ३१.२ टक्के, किमान मर्यादा नाही. २२ हजारांत त्याचा चौथा हिस्सा साडेपाच हजार, त्यातून १,७१६ रुपये कापायला टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक) काढणारा भाडेकरू वाकडमध्ये सापडला तर मला कळवा, मी सत्कार करतो.

म्हणून भावाची तयारी असेल तर त्याने वाकडमधला आपला हिस्सा आईच्या नावे हक्कसोडपत्राने सोडावा. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक नाममात्र, पण नोंदणी हवीच. मुलाने आईला दिलं तर उत्पन्न मुलाच्या डोक्यावर येत नाही. ते नवरा-बायकोत, अज्ञान मुलांत आणि सुनेला दिलं की येतं. तो डिसेंबरात येत असेल तर तेव्हाच सही घ्या. नाहीतर तिथून केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, आणि ते पाकीट नेमकं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहतं.

आणि आईचं मृत्युपत्र. आत्ताच. दोन साक्षीदार, जमल्यास नोंदणी. बाबांचं नव्हतं म्हणून हा धागा आहे.

बहिणीने सोडावं की नाही हे मी सांगणार नाही. तिला विचारा.

गोदाकाठ

जमाखर्च, शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला एक लाडू.

वेताळटेकडी

बारा दिवसांनी येतोय, सगळं एकदम सांगतो.

भावाने त्याच्या तिकडच्या करसल्लागाराला फोन केला. ऑस्टिनकर म्हणाले तेच, फी घेऊन. एलएलपी बारगळली. डिसेंबरात येतोय तेव्हा वाकडचा हिस्सा आईच्या नावे सोडतो म्हणाला.

बहिणीला फोन केला. हा धागा तिला पाठवला होता, माझं 'दिलीय' तसंच ठेवून. दोन दिवस उत्तर नाही. मग तिचाच फोन आला. म्हणाली, वाकड तुम्ही कसं हवं तसं करा, मी सही करते. मला सांगलीचा गाळा हवाय.

मी म्हटलं, अगं, सगळ्यात कमी भाडं त्याचंच. तर म्हणाली, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांच्या गल्ल्याशेजारी बसून मी नाणी लावायचे, चार आण्यांची वेगळी, आठ आण्यांची वेगळी. तू कधी आलास? तू पोहायला जायचास. भाड्याचं नको सांगू मला.

खरंच कधी गेलो नाही मी.

आई म्हणाली, दिला. भाऊ म्हणाला, दिला. म्हटलं चला, वाकडचे कागद डिसेंबरात, गाळ्याचं तरी आत्ताच उरकू. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे परवा सांगलीला जाऊन मिळकत पत्रिका काढली.

अण्णा, तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर निघालं. पत्रिकेवर बाबांचं नाव नाहीये. आजोबांचंच आहे.

अण्णा_मिरजकर

वाटलेच. आजोबा केव्हा वारले? मृत्युपत्र?

वेताळटेकडी

१९८८. मृत्युपत्र नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत दिसत नाही.

गोदाकाठ

आत्या किती?

वेताळटेकडी

तीन. एक बेळगावला आहे, ८३ वर्षांची. एक इचलकरंजीला. तिसरीचं आणि आमचं २००४च्या लग्नापासून बोलणं नाही.

तिरकस

पॉपकॉर्नची दुसरी पिशवी उघडली.

अण्णा_मिरजकर

आधी बेळगावला जा. पेन खिशातच ठेवा.